ब्रूपंडित खांबेटे यांची पहिली बिअर

कॅनडातल्या एडमंटनच्या रविकांत खांबेट्यांनी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत पूल तपासले. बांधले नाहीत, तपासले. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग्ज त्यांच्या टेबलावर यायची आणि गोवर उठल्यासारखी लाल पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत जायची. त्या खुणा बहुतेक वेळा बरोबर असत, हे त्यांच्यावर खार खाऊन असलेले लोकही मान्य करत. फक्त त्यातल्या निम्म्या स्पेलिंगच्या असत.

१९७४ साली सांगलीहून इंजिनिअर होऊन आलेला हा माणूस २००६च्या जूनमध्ये निवृत्त झाला. मग तपासायला घरात एकच गोष्ट उरली, ती म्हणजे शुभदाताई. त्या हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये कामाला होत्या. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. दिवसभर जंतू वाढवून, मोजून त्या घरी आल्या की खांबेटे त्यांना डिशवॉशरमध्ये ताटल्या कुठल्या कोनात ठेवायच्या ते समजावून सांगत. तीन महिने त्यांनी सोसलं. मग किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या मुलीला, ऊर्मीला, फोन केला. "तुझ्या बाबांना काहीतरी उद्योग लावून दे. नाहीतर मी त्यांना लॅबमध्ये घेऊन जाईन आणि तिथेच ठेवून येईन."

ऊर्मीने ख्रिसमसला खोकं पाठवलं. त्यात झाकणाची पांढरी प्लास्टिकची बादली, झाकणात बसवायची बुडबुडे मोजायची नळी, माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, घट्ट पाकाचा डबा आणि यीस्टचं पाकीट होतं. घरी बिअर करायचं किट. सोबत कृतीचं एक पान.

"एक पान?" खांबेट्यांनी फोनवर विचारलं. "बिअर करायची आहे की लिंबाचं सरबत? पाण्याबद्दल यात अवाक्षर नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं काय?"

"बाबा, जस्ट मेक इट! इट्स सपोज्ड टू बी फन."

"फन नंतर. आधी स्पेसिफिकेशन."

स्पेसिफिकेशन शोधता शोधता ते इंटरनेटवर घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांच्या एका फोरमवर पोचले. सगळे पश्चिम कॅनडातले. नाव नोंदवताना टोपणनाव घ्यावं लागलं, म्हणून त्यांनी 'ब्रूपंडित', म्हणजे बिअर करण्यातला पंडित, हे घेतलं. तेव्हा बिअरबद्दल त्यांना जेवढं कळत होतं तेवढं शेजारच्या मांजरालाही कळत असेल. त्यांनी पाण्याचा प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवसापर्यंत अकरा उत्तरं आली आणि त्यातली कुठलीही दोन एकमेकांशी जुळत नव्हती.

खांबेट्यांना नोकरीतले सुखाचे दिवस आठवले. त्यांनी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला फोन केला, पाण्याचा अहवाल मागवला आणि बाराशे शब्दांचा निकाल तक्त्यासकट फोरमवर लावला. अकराच्या अकरा जणांच्या चुका त्यात क्रमवार दिल्या होत्या. वाटलं, आता शिव्या पडतील. तर चौदा जणांनी 'थँक यू' म्हटलं. एकतीस वर्षांत ऑफिसात त्यांना कुणी थँक यू म्हटलं नव्हतं. खांबेटे खुर्चीवरून उठले, स्वतःसाठी चहा केला आणि परत येऊन ते चौदा थँक यू पुन्हा एकदा वाचले.

झालं. माणूस कामाला लागला. सकाळी शुभदाताईंची गाडी ड्राइव्हवेमधून बाहेर पडली की हे बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरसमोर. कुणाची बिअर गढूळ झाली, कुणाला केळ्यासारखा वास आला, कुणाची बाटली फुटली. ब्रूपंडित दहा मिनिटांत कलमवार हजर. फोरमवर जितके लेख टाकाल तितका दर्जा वाढायचा. पन्नासपर्यंत 'बॉटल वॉशर', म्हणजे नुसता बाटल्या धुणारा. पाचशेला 'अप्रेंटिस'. दोन हजारांना 'ब्रूमास्टर'. खांबेटे चौदा महिन्यांत ब्रूमास्टर झाले. 'प्रश्न विचारण्याआधी जुने लेख शोधा' ही नवख्यांना दिलेली तंबी फोरमच्या माथ्यावर कायमची चिकटवली होती, ती त्यांचीच.

या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. त्यांनी बिअर एकदाही केली नव्हती.

करायची नाही असं काही ठरलं नव्हतं. पूर्ण अभ्यास झाल्यावर करायची होती. आणि दर आठवड्याला अभ्यास वाढत होता. पांढऱ्या बादलीत शुभदाताईंनी वीस पौंड बासमती भरून ठेवला. शिवाय खरं सांगायचं तर त्यांना बिअर आवडतही नसे. शनिवारी व्हिस्कीचे दोन पेग, तेही पाणी घालून. बिअरमध्ये घालायच्या हॉप्सच्या फुलांच्या कडवटपणाचे सहा प्रकार त्यांनी फोरमवर सविस्तर लिहिले होते, पण तोंडात त्यांना ते सगळे काडेचिराइतासारखे लागत.

२००९च्या जानेवारीअखेर गॉर्डनचा निरोप आला.

हा गॉर्डन रेड डिअरचा. तिथून एडमंटन गाडीने दीड तास. आयुष्यभर वेल्डिंग केलेला आणि आता निवृत्त. फोरमवर तो फारसं बोलत नसे, पण ब्रूपंडिताचा शब्द खाली पडू देत नसे. त्याने लिहिलं होतं, 'कॅलगरीच्या स्पर्धेत माझ्या ब्राउन एल बिअरला पदक मिळालं. सगळं तू सांगितलंस तसं केलं. पंधरा मार्चला एडमंटनला मुलीकडे येतोय. तीन बाटल्या घेऊन तुझ्याकडे येतो. तुझी बिअर प्यायची आहे.'

खांबेट्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी सबबींचा मसुदा करायला घेतला. पहिली, आजारपण. दुसरी, भारतात जातोय. तिसरी, पत्नी धार्मिक असल्याने घरात मद्य चालत नाही. एव्हाना निवृत्त होऊन घरी असलेल्या शुभदाताईंनी ती मागे उभं राहून वाचली.

"माझ्या नावावर खापर फोडू नका," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी ती बाटली काय देवाला दाखवता?"

"मग सांगू काय त्याला?"

"सांगू नका. करा."

सात फेब्रुवारीचा शनिवार. बाहेर उणे अठ्ठावीस. खांबेट्यांनी एक्केचाळीस कलमांची यादी प्लास्टिकमध्ये मढवून फ्रिजवर लावली. बासमती चार पातेल्यांत आणि टर्की भाजायच्या ट्रेमध्ये हलवून बादली मोकळी केली. माल्ट आणि हॉप्स नवे आणले. डब्यातल्या पाकावर बिअर करणं ब्रूमास्टरला शोभलं नसतं. यीस्ट मात्र किटमधलं होतंच, घरात असताना कशाला आणायचं? टॉर्चच्या सेलांबरोबर ते ड्रॉवरमध्ये पडून होतं.

माल्टचा काढा उकळायला ठेवला आणि चौदाव्या कलमाला तो उतू गेला. 'काढा उतू जाऊ नये म्हणून काय करावे' हा त्यांचाच गाजलेला लेख होता. त्यात ठळक अक्षरांत म्हटलं होतं की पातेल्यावरची नजर क्षणभरही काढू नये. काढा उतू गेला तेव्हा खांबेट्यांची नजर त्या लेखाच्या प्रिंटआउटवर होती.

काचेच्या शेगडीवर काकवीसारखा थर जळून बसला. शुभदाताई त्यांच्या हातात खरवडणी देऊन गेल्या.

मग काढा गार करायचा. बर्फात पातेलं ठेवलं की भोवतालचा बर्फ वितळून पोकळी होते आणि गार व्हायला उलट वेळ लागतो, असं त्यांनी फोरमवर किमान वीस जणांना सुनावलं होतं. आता घाईत त्यांनी पातेलं उचललं आणि बॅकयार्डच्या बर्फात नेऊन ठेवलं. भोवती पोकळी झाली. काढा गार व्हायला दीड तास लागला. तेवढा वेळ खांबेटे पार्काचा जाड कोट घालून, हातात झाडू घेऊन, झाकणावर बसू पाहणाऱ्या मॅगपाय पक्ष्याला हाकलत होते. आपलं म्हणणं खरं ठरलं याचं त्यांना त्याही स्थितीत समाधान वाटलं.

बादली बेसमेंटमध्ये ठेवली. यीस्ट टाकलं. आता यीस्टने काढ्यातली साखर खायची, नळीतून बुडबुडे यायचे. रविवारी बुडबुडा नाही. सोमवारी नाही. खांबेटे दिवसातून पंधरा-सोळा वेळा खाली जात आणि प्रत्येक वेळी झाकण उघडून आत डोकावत. मंगळवारीही नाही.

फोरमवर विचारणं शक्य नव्हतं. ब्रूपंडित कुणाला विचारणार? म्हणून त्यांनी दुसरं खातं काढलं. नाव घेतलं 'जिम'. जिमने लिहिलं: 'माझी बादली तीन दिवस स्तब्ध आहे. मुद्दे खालीलप्रमाणे. (अ) तापमान. (ब) यीस्ट. (क) इतर. काइंडली ॲडव्हाइज ॲट द अर्लिएस्ट.'

पाच मिनिटांत लोक जिमवर तुटून पडले. 'आधी शोध, मग विचार.' 'वरची तंबी वाचता येत नाही का?' एकाने ब्रूपंडिताच्या लेखाची लिंक दिली आणि खाली लिहिलं, 'हे समजत नसेल तर दुकानातून विकत आणून पी.' खांबेट्यांनी लिंक उघडून स्वतःचा लेख वाचला. त्यात बावीस शक्यता दिल्या होत्या. वाचून त्यांना काहीही कळलं नाही.

नाकाला मिरच्या झोंबल्या. ते जिमच्या खात्यातून बाहेर पडले, त्यांनी ब्रूपंडिताचं उघडलं आणि नवख्यांशी सौजन्याने वागावं यावर सहाशे शब्द लिहिले. सगळ्यांनी त्यांच्या मोठ्या मनाची वाहवा केली. जिमला उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

दिलं ते एकट्या गॉर्डनने, जिमला पाठवलेल्या खासगी निरोपात, दोन ओळींचं. 'यीस्टच्या पाकिटावरची तारीख बघ, मित्रा. आणि झाकण उघडत बसू नकोस.'

पाकीट सापडायला वेळ लागला नाही. खांबेट्यांनी ते 'बॅच एक: कागदपत्रे' या फाइलला लावलं होतं. शुभदाताईंनी चष्मा वर करून वाचलं.

"बेस्ट बिफोर ऑगस्ट दोन हजार सात. मेलेत हे."

"सगळे?"

"आणि दोन वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवल्यावर काय बारसं करतील? सव्वीस वर्षं मी हेच करत होते. जगले किती, मेले किती. मला एकदा तरी विचारलंत?"

"तुमचे ते रोगजंतू. हे निराळे."

"यीस्ट आमच्याकडेही यायचं," शुभदाताई म्हणाल्या. "कुठून यायचं ते तुम्हाला ऐकवत नाही." त्या बादलीपाशी वाकल्या, एकदाच वास घेतला आणि सरळ झाल्या. "यात दुसरंच कुणीतरी राहायला आलंय. ओतून द्या. शनिवारी नवीन करा. अजून वेळ आहे."

पण एवढं केलेलं फेकायचं? एक्केचाळीस कलमं पुन्हा? खांबेटे नवं यीस्ट घेऊन आले आणि त्याच काढ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी नळीतून बुडबुडे सुरू झाले. ते भराभर वर गेले आणि चव बघायच्या आधीच ब्रूपंडिताच्या नावाने लेख टाकला: 'अडलेली बॅच कशी वाचवावी: एक अनुभव'. सेहेचाळीस जणांनी आभार मानले.

पंधरा मार्चला दुपारी गॉर्डन आला. सहा फूट चार इंच. दारात बूट काढून मोज्यांवर आत आला तेव्हा हॉलमधला पंखा त्याला वाकून चुकवावा लागला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन बाटल्या त्याने तान्ह्या मुलासारख्या टेबलावर ठेवल्या. शुभदाताई बटाटेवडे तळत होत्या.

आधी गॉर्डनची बाटली. खांबेट्यांनी चेहरा तयार ठेवून घोट घेतला आणि तो चेहरा वापरावाच लागला नाही. भाजलेल्या पोळीच्या करपट कडेसारखी चव होती, मागून हलका गोडवा, आणि मग तो कडवटपणा, जो पहिल्यांदाच त्यांना औषध वाटला नाही. 'नटी', 'टोस्टी' हे शब्द त्यांनी फोरमवर शेकडो वेळा वापरले होते, दुसऱ्यांचे वाचून. ते कशाला म्हणतात ते आत्ता कळलं. त्यांनी न सांगता दुसरा घोट घेतला.

मग खांबेट्यांची बाटली. टोपण निघालं, फुस्स झालं नाही. ग्लासात पडलं ते चार दिवसांच्या ताकाच्या वासाचं होतं. गॉर्डनने मोठा घोट घेतला, तोंडात धरला आणि मोठ्या धैर्याने गिळला.

"ही मुद्दाम आंबट केली आहे," खांबेटे म्हणाले. "बेल्जियममध्ये ही फार जुनी पद्धत आहे." आणि त्यांनी ती पद्धत सहा मिनिटं सांगितली. गॉर्डनने मध्ये तोंड घातलं नाही. बोलणं संपल्यावर ग्लास खाली ठेवून त्याने विचारलं, "जिमने नवीन यीस्ट आणलं का मग?"



"आणलं," कढईपाशी उभ्या शुभदाताईंनी इंग्रजीत सांगितलं. "पण उशिरा. मी फेका म्हटलं होतं."

"तुला कळलं कसं?" खांबेट्यांनी विचारलं.

"काइंडली ॲडव्हाइज ॲट द अर्लिएस्ट," गॉर्डन म्हणाला. "मला तीन जिम माहीत आहेत. एकही अ, ब, क पाडत नाही." मग तो म्हणाला, "ही कितवी? किती वेळा केलीस आजवर?"

खोटं बोलायला अजून जागा होती. खांबेट्यांनी ती शोधली. मग म्हणाले, "ही पहिली."

गॉर्डन हसला नाही. "तू लिहिलं होतंस, ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही. मी माझ्या आईचं टाकून दिलं. मोठं होतं. चाळीस वर्षांचं."

"चालतं," खांबेटे हळूच म्हणाले. "मी नंतर दुरुस्ती दिली होती."

"कुठे?"

"त्याच चर्चेत. पान सतरा."

शुभदाताईंनी वड्यांची बशी दोघांच्या मध्ये आणून ठेवली. गॉर्डनने एक वडा खाल्ला. दुसरा खाल्ला. मग म्हणाला, "पदक खरं आहे, ते काही मी परत देणार नाही. बाकीचं सगळं बरोबर निघालं तुझं. येत्या शनिवारी रेड डिअरला ये. हात घेऊन ये. तोंड घरी ठेव."

दुसऱ्या दिवशी खांबेट्यांनी फोरमवर नऊशे शब्दांचा लेख टाकला: 'आंबूस बॅच: काही निरीक्षणे'. त्यात 'चुका घडल्या', 'तारीख पाहिली गेली नाही' अशी वाक्यं होती. सरकारी अहवालात जबाबदारी कुणावरच येऊ नये म्हणून लिहितात, तशी. खाली गॉर्डनने एकच शब्द लिहिला, 'कुणाकडून?'

चार दिवस ब्रूपंडित गप्प होता. पाचव्या दिवशी त्याने आयुष्यातला सर्वांत छोटा लेख लिहिला. 'माझ्याकडून. ही माझी पहिली बिअर. जिम मीच.'

गदारोळ झाला. लबाड, तोतया, सगळं म्हणून झालं. ज्या सेहेचाळीस जणांनी आभार मानले होते त्यांनीच पद काढून घ्या म्हणून धरणं धरलं. पण दर्जा लेखांच्या संख्येवर ठरायचा, कॉम्प्युटरला लाज वाटत नव्हती, त्यामुळे ब्रूमास्टर हा किताब तसाच राहिला. आणि त्याच आठवड्यात खांबेट्यांना सात जणांचे खासगी निरोप आले, की कुणाला सांगू नका, पण आम्हीही अजून केलेली नाही. त्यातला एक फोरमचा मॉडरेटर होता. जिमला 'दुकानातून विकत आणून पी' म्हणणाराही त्यात होता.

खांबेटे शनिवारी रेड डिअरला गेले. गॉर्डनने त्यांना बाटल्या धुवायला बसवलं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी बाटल्या धुण्याच्या क्रमात सुधारणा सुचवली, तेव्हा गॉर्डनने त्यांच्या हातात लांब पळी दिली आणि काढा तासभर ढवळायला लावला. घड्याळ लावून, न बोलता. आयुष्यातला तो सर्वांत लांब तास होता असं ते घरी येऊन म्हणाले. पण पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. येताना अंगाला माल्टचा वास यायचा आणि डिशवॉशरकडे त्यांचं लक्ष जात नसे, एवढ्यावर शुभदाताई खूश होत्या.

२०१२ साली फोरम बंद पडला. सगळे फेसबुकवर गेले होते. ब्रूपंडिताचे सहा हजार दोनशे बारा लेख एका सोमवारी नाहीसे झाले. खांबेट्यांनी चालकांना निषेधाचं कलमवार पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तोवर त्यांच्या स्वतःच्या नऊ बॅच झाल्या होत्या. त्यातल्या पिण्यालायक किती, यावर मतभेद आहेत. खांबेट्यांच्या मते नऊच्या नऊ, आंबट धरून. गॉर्डनच्या मते तीन. शुभदाताईंच्या मते दोन. आणि त्या बिअर पीत नाहीत, नुसत्या वासावरून सांगतात.